कानात गोष्ट असताना पाय काय करतात

संध्याकाळी साडेसहाला कुठल्याही मैदानाच्या ट्रॅककडेला दहा मिनिटं उभं राहा. कोणाच्या कानात गाणी आहेत आणि कोणाच्या कानात बोलणं, हे इयरफोनवरून कळत नाही, पायांवरून मात्र बरंचसं कळतं. गाणी ऐकणाऱ्याची पावलं एकसारखी पडत राहतात, निदान गाणं बदलेपर्यंत. ज्याच्या कानात कादंबरी, मुलाखत किंवा कॉमेंट्री आहे त्याची चाल चांगली चाललेली असते आणि मध्येच ढिली पडते. दोन-चार पावलं आखूड होतात, मग पुन्हा वेग येतो. शेवटचं षटक चालू असेल तर गडी ट्रॅकच्या मधोमध थांबतोच. एक बोट इयरफोनवर, मान किंचित कलती, नजर कुठेच नाही, आणि मागून येणारे त्याला वळसा घालून पुढे जातात.

या थांबण्याला वैद्यकात बराच मान आहे. स्वीडनमधल्या उमेओ इथे लिलेमोर लुंडिन-ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठीच्या निवासातल्या ५८ जणांना चालता चालता बोलतं केलं. १२ जण बोलायला लागले की थांबत. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि तेव्हापासून 'चालणं आपोआप होतं' हे वाक्य जपून वापरावं लागतं. सपाट, ओळखीच्या वाटेवर तरुण माणसाला चालायला फारच थोडं लक्ष लागतं, पण शून्य लागत नाही. तेवढंही दुसरीकडे गेलं की चाल बदलते.

बोलणं आणि ऐकणं यांत मात्र फरक आहे. फोनवरच्या सगळ्या उद्योगांना एकाच मापाने मोजणं चुकीचं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात २०१२ च्या एका प्रयोगात फोनवर बोलताना चालण्याचा वेग १६ टक्क्यांनी उतरला आणि मेसेज टाइप करताना ३३ टक्क्यांनी. टाइप करणारे सरळ रेषा सोडून भरकटलेही. वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठाच्या आवारात आयरा हायमन यांनी एकचाकी सायकलवर विदूषक फिरवला होता. फोनवर बोलत जाणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्यालाच तो दिसला. गाणी ऐकत जाणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना दिसला, आणि काहीही न करता एकटे चालणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना. म्हणजे गाण्यांनी विदूषक झाकला नाही, संभाषणाने झाकला.

बोललेलं ऐकणं या दोन्हींच्या मधे बसतं. उत्तर द्यायचं नसतं, वाक्य जुळवायचं नसतं, समोरच्याला राग येण्याची भीती नसते, त्यामुळे फोनवरच्या बोलण्याइतका भार पडत नाही. पण गाण्यातली एक ओळ निसटली तर काही बिघडत नाही. गोष्टीतलं एक वाक्य निसटलं तर पुढचा परिच्छेद लागत नाही. म्हणून मेंदू धागा धरून ठेवायला बघतो, आणि हे धरून ठेवणं सतत चालू असतं. निरोगी तरुणाच्या बाबतीत सपाट जागी याचा वेगावर होणारा परिणाम लहान असतो, कधी मोजताही येत नाही. तो बघायचा तर सरासरी वेग सोडून पावलांच्या सारखेपणाकडे बघावं लागतं. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ दर खेपेला किती बदलतो, हा तो हिशोब. निरोगी प्रौढात हा बदल सरासरीच्या साधारण १ ते ३ टक्के असतो. लक्ष वाटलं गेलं की तो वाढतो, आणि वयस्कर किंवा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या माणसात चांगलाच वाढतो.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. चालण्यात फरक पडला नाही याचा अर्थ काहीच फरक पडला नाही असा होत नाही, कारण किंमत दुसऱ्या बाजूला वसूल झालेली असू शकते. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत २००० च्या सुमारास विशीतल्या, चाळिशीतल्या आणि साठीतल्या लोकांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या, आणि त्याच वेळी अरुंद, वळणाच्या वाटेवरून चालायला सांगितलं. वय जितकं जास्त तितकी दोन्ही कामं एकत्र करण्याची किंमत जास्त. नंतरच्या प्रयोगात मदतीचे दोन पर्याय ठेवले, एक चालण्याला आधार देणारा कठडा आणि दुसरा पाठांतराला मदत करणारा. ज्येष्ठांना कठड्याचा फायदा जास्त झाला, तरुणांना पाठांतराच्या मदतीचा. थोडक्यात, वय झालेलं शरीर आधी तोल सांभाळतं आणि शब्द सोडून देतं. तेव्हा 'मी रोज चालता चालता व्याख्यान ऐकतो, काही होत नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला व्याख्यानात काय होतं ते विचारावं.

ठेक्याचं गणित इथे वेगळं पडतं. बहुतेकांची आपसूक चाल मिनिटाला १०० ते १२० पावलांच्या घरात असते, आणि बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या प्रयोगांत १२० ठोक्यांच्या आसपासच्या संगीताशी पावलं सगळ्यात छान जुळली. बोलण्याला असा ठोका नाही. सेकंदाला चार-पाच अक्षरं पडतात, म्हणजे पावलांच्या दुपटीहून जास्त, आणि तीही सारख्या अंतराने नाहीत. पायांना त्यात धरायला काही नाही. म्हणून ऑडिओबुकचा वेग १.५ पट केला की चालही वाढेल ही समजूत फोल आहे. वाढतो तो ऐकण्याचा ताण.

वारीने हे कधीच ओळखून ठेवलंय. दिंडी चालते ती टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर, अभंग म्हणत. कीर्तन आणि प्रवचन मुक्कामाला होतं. दिवसाची १५-२० किलोमीटरची मजल मारताना शब्द तोंडपाठ असलेले, ठेका पायांत बसलेला, आणि अर्थाची उकल बसल्यावर. चालण्यासाठी ऑडिओ निवडताना हीच वाटणी डोक्यात ठेवली तरी पुष्कळ झालं.

आता जमिनीकडे या. पाऊल पुढे जाताना चवड्याचं टोक जमिनीपासून सर्वात खाली येतं तेव्हा मधे फक्त एक-दोन सेंटिमीटर जागा असते. उचकटलेला पेव्हर ब्लॉक, डांबरातून वर आलेलं गटाराचं झाकण, झाडाच्या मुळाने उचललेली फरशी, सगळं याच मापाचं. एरवी ठेच का लागत नाही? कारण नजर साधारण दोन पावलं पुढे टेहळणी करत असते आणि पाय तिथे पोचायच्या आत उचल ठरलेली असते. गोष्टीत तंद्री लागली की डोळे उघडे असतात, समोरही असतात, पण टेहळणी उशिरा होते किंवा होतच नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण मागच्याच्या कानात इयरफोन नाहीत हे गृहीत धरून रचलेली आहे. घोटाळा सहसा सरळ वाटेवर होत नाही, जागा बदलते तिथे होतो: फूटपाथची कड, वळण, जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी, उन्हातून सावलीत शिरण्याचा क्षण.

कानाचा हिशोब थोडा किचकट आहे. रबरी बोळा आत घट्ट बसणारे इयरफोन घातले की स्वतःच्या पावलांचा धप धप आवाज डोक्यात घुमतो. टाचेचा हादरा हाडांतून कानाच्या नळीत येतो आणि नळीचं तोंड बंद असल्याने बाहेर पडत नाही. त्याच वेळी पावलांचा बाहेरचा आवाज मात्र हरवतो. खडी, वाळू, ओली फरशी यांचा फरक कान आधी सांगतो, ती खबर बंद. मग रहदारी. गाणं गोंगाटातही ओळखू येतं. बोलण्यातला अर्थ ज्या व्यंजनांवर उभा असतो ती स, श, त, फ ही हलकी व्यंजनं बसच्या घरघरीत आधी बुडतात. म्हणून बोलणं ऐकणारा माणूस रस्त्यावर आवाज जास्त वाढवतो, आणि तरीही कान देऊन ऐकावं लागतं. हे कान देणं फुकट होत नाही. त्याच परिच्छेदाला घरात लागलं नसतं इतकं लक्ष रस्त्यावर लागतं, आणि ते पायांच्या वाट्यातून जातं.

जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असा आहे, ९० डेसिबलवर तेच चार तासांवर येतं. रस्त्यावर शब्द स्पष्ट ऐकू यावे म्हणून आवाज नव्वदीत न्यावा लागत असेल तर रोजच्या पाऊण तासाच्या फेरीतच आठवड्याचा कोटा संपतो. बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन घेतले तर आवाज कमी ठेवता येतो, पण मग गोंगाटाबरोबर रिक्षाही गायब होते. एकच इयरफोन घालायचा सल्ला सगळे देतात. तो अर्धा बरा आहे. हॉर्न ऐकू येतो, पण आवाज कुठून येतोय हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून काढतो, आणि तो फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. एक कान बुजला की हॉर्न आहे एवढं कळतं, डावीकडे की उजवीकडे ते नीट कळत नाही. कानाच्या पुढे हाडावर टेकणारे किंवा कानाची नळी उघडी ठेवणारे हेडफोन या बाबतीत उजवे. पण तेही लक्ष परत आणून देत नाहीत. कान उघडा असला तरी मन गोष्टीतच असतं.

स्वतःची चाल मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. सोसायटीचं पार्किंग किंवा मैदानाची सरळ बाजू पुरे. टेपने २० मीटर मोजून खडूने दोन रेघा मारा, आणि दोन्ही टोकांना आणखी तीन-तीन मीटर मोकळे ठेवा. वेग घेणं आणि थांबणं त्या तीन मीटरांत होऊ द्या, मोजणी रेघेपासून रेघेपर्यंतच. दुसऱ्या माणसाच्या हातात स्टॉपवॉच, आणि पावलंही त्यानेच मोजायची. चालणाराच मोजायला लागला तर मोजणं हेच तिसरं काम होऊन बसतं. चार फेऱ्या शांत, चार फेऱ्या हलकाफुलका गप्पांचा पॉडकास्ट, चार फेऱ्या अवघड काहीतरी, म्हणजे आकडे आणि नावं असलेलं व्याख्यान. क्रम मिसळा. सगळ्या शांत फेऱ्या आधी घेतल्या तर नंतरच्या फेऱ्यांत अंग मोकळं झाल्याचा फायदा मिसळतो. ऐकायच्या फेऱ्यांत ऑडिओ रेघेच्या आधीच निदान अर्धा मिनिट चालू असू द्या, नाहीतर विषयात शिरायच्या आत २० मीटर संपलेले असतात.

गणित साधं आहे. समजा शांत फेरीत ३० पावलं आणि १६ सेकंद लागले. वेग सेकंदाला १.२५ मीटर, पावलाची लांबी ६७ सेंटिमीटर, मिनिटाला ११२ पावलं. ऐकताना ३१ पावलं आणि १७.५ सेकंद लागले तर वेग १.१४, पाऊल ६५ सेंटिमीटर, मिनिटाला १०६. वेगात सुमारे ९ टक्के घट. स्टॉपवॉच दाबण्यात पाव सेकंद इकडेतिकडे होतोच, तेव्हा तीन टक्क्यांच्या आतला फरक सोडून द्या.

प्रत्येक ऐकण्याच्या फेरीनंतर काय ऐकलं ते दोन वाक्यांत सांगायला लावा. हे गाळलं तर सगळी मोजणी वाया जाते, कारण कान बंद ठेवून झोकात चालणारा माणूस 'माझ्यावर परिणाम होत नाही' असा निकाल घेऊन घरी जातो. दुसरी खोट अशी की कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस परेडसारखा चालतो. त्यावर उपाय म्हणजे लांब मोजणी. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप फोनमधल्या सेन्सरची नोंद घेतं. फोन उभा धरून कमरेच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या तळाशी पट्ट्याने घट्ट बांधा. सैल राहिला तर प्रत्येक पावलाला फोनचा स्वतःचा हिंदकळा मिसळतो. गुरुत्व वगळून त्वरण मोजण्याचा पर्याय निवडा, दहा सेकंद उशिराने सुरुवात लावा, तीन मिनिटं सरळ चाला. फाइल एक्सेलमध्ये उघडली की उभ्या अक्षावर दर पावलाला एक शिखर दिसतं. एकाआड एक शिखरांमधलं अंतर म्हणजे एका पूर्ण ढांगेचा वेळ. या वेळांचं प्रमाण विचलन (एक्सेलमधलं STDEV) भागिले सरासरी, गुणिले १००, हाच वर सांगितलेला १ ते ३ टक्क्यांचा आकडा. तीन मिनिटांत दीडशेच्या वर ढांगा मिळतात, तेवढ्या पुरेत. वळणावरच्या ढांगा काढून टाका, नाहीतर आकडा उगाच फुगतो. एवढा खटाटोप नको असेल आणि फोन आयफोन ८ किंवा नंतरचा असेल, तर हेल्थ ॲपमध्ये चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी आपोआप साठत असते. फोन कमरेजवळच्या खिशात हवा, एवढीच अट. हातात धरून चालणाऱ्याची नोंद नीट होत नाही, आणि त्या बाजूचा हात हलायचाही थांबतो. दोन्ही हातांचा झोका सारखा नसला की कमरेचं वळणंही बिघडतं. फोन खिशात टाकावा याचं हे दुसरं कारण.

काय ऐकावं यावर माझं मत ठाम आहे: जे अर्धं निसटलं तरी चालेल ते. आधी एकदा वाचलेली कादंबरी, दोन जणांच्या गप्पा, ओळखीच्या आवाजातलं काहीही. स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे २०१७ पासून मराठी ऑडिओबुकांची रेलचेल झाली आहे, तेव्हा निवडीला तोटा नाही. श्रुतिका चालताना टाळाव्यात. त्यात पार्श्वभूमीला हॉर्न, ब्रेक, कुत्र्याचं भुंकणं असतं आणि माणूस दचकून भलत्याच बाजूला उडी मारतो. उलट, चार खोटे हॉर्न ऐकल्यावर पाचव्या खऱ्याला दाद देत नाही. नवी भाषा शिकवणारे धडे, ज्यांत वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं, ते ऐकणं राहत नाही, बोलणं होतं. श्वासही त्यात खर्ची पडतो आणि चाल फोनवर बोलणाऱ्यासारखी होते. व्यायामासाठी चालत असाल तर आधीची १५ मिनिटं ठेक्याची गाणी, मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांची, आणि अंग तापल्यावर गोष्ट. उलट क्रमाने गोष्टीतला रेंगाळलेला वेग फेरीभर तसाच राहतो.

रस्त्यावर एकच सवय लावायची. क्रॉसिंगच्या पाच-सहा पावलं आधी पॉज. आवाज कमी करून भागत नाही. कमी आवाजातलं बोलणं समजून घ्यायला उलट जास्त लक्ष जातं. पॉजचं बटण इयरफोनवरच असलेलं बरं, म्हणजे फोन बाहेर काढून त्यात डोकं घालायची वेळ येत नाही. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं. विजेवरची स्कूटर कमी वेगात जवळजवळ निःशब्द येते, ती उघड्या कानांनाही चकवते. आणि रुळांजवळ काहीही नको. अमेरिकेत २००४ ते २०११ मधल्या, हेडफोन घातलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांची नोंद मेरीलँडच्या डॉक्टरांनी तपासली. निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, रेल्वेचे होते, आणि २९ टक्के नोंदींत धडकेआधी भोंगा किंवा इशारा दिला गेल्याचा उल्लेख होता. मुंबईच्या लोकलच्या रुळांवरून शॉर्टकट मारणाऱ्याला रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतंच, पण कानात काही असेल तर त्याला मोटरमनच्या भोंग्याचाही उपयोग नाही.

ट्रेडमिलवर वेग पट्टाच ठरवतो, त्यामुळे तिथे फरक दिसतो तो पावलांच्या रुंदीत आणि हात कठड्याकडे जाण्यात. सुरक्षेची क्लिप कपड्याला अडकवा आणि ऑडिओ पट्टा पूर्ण थांबल्यावरच बदला.

राहिले ज्येष्ठ. सकाळी शर्टाच्या खिशात फोन आणि स्पीकरवर प्रवचन लावून फिरणारे आजोबा बाकीच्यांना वैताग आणतात, पण त्यांचे दोन्ही कान उघडे असतात हे कबूल करावं लागेल. त्यांच्या बाबतीत बघायचं ते एवढंच: निरूपण रंगात आलं की पावलं आखूड होतात का, पाय घासतात का, ते थांबतात का. वरची २० मीटरची चाचणी त्यांच्यासाठी एकाने शेजारी चालत घ्यावी, हात धरता येईल इतक्या अंतरावर. ऐकताना वेग दहा टक्क्यांहून जास्त उतरत असेल, किंवा ते एकदाही थांबले, तर फेऱ्या शांतपणे माराव्यात आणि प्रवचन बाकावर बसून ऐकावं. पार्किन्सन, पक्षाघात किंवा गेल्या वर्षभरातलं पडणं असेल तर ही चाचणी घरी करू नये, फिजिओथेरपिस्टकडे करावी. तिथे बहुतेक वेळा त्यांना कानात गोष्ट न देता ठेका दिला जातो, टाळ्यांचा किंवा मेट्रोनोमचा, म्हणजे सारख्या अंतराने टिकटिक करणाऱ्या यंत्राचा, त्यांच्या नेहमीच्या चालीच्या आसपासचा.